एकतीस नंबरचा दगड

मोहोर आला की मला धास्ती भरते. पौष सरत आलेला असतो, पहाटे दार उघडावं तर तो किंचित आंबूस, किंचित मधाळ वास पडवीपर्यंत येऊन थांबलेला, आणि माझं काळीज आपलं धडधडायला लागतं. शेजारपाजारच्यांना वाटतं, कलमांची काळजी. तीही असते. ह्या दिवसांत आमच्याकडे सगळेच आभाळाकडे बघत हिंडतात. धुकं पडलं का, मळभ आलं का, तुडतुडा दिसला का, एवढंच बोलणं. वाटेत कोणी भेटला तर आधी मोहोर कसा आहे ते विचारतो आणि मग घरची माणसं कशी आहेत ते. तेव्हा माझी धडधड त्यात खपून जाते. पण खरं सांगायचं तर माझी भीती कलमांची नाही. ती एका दगडाची आहे, आणि तो दगड आमच्या मुलखातला नव्हे.

आमचं गाव रत्नागिरीजवळ, आरे-वाऱ्याच्या अलीकडे, सड्याच्या पायथ्याशी. वर सडा म्हणजे तांबड्या जांभा दगडाचा उघडा माळ, खाली कलमं, मग माड, मग समुद्र. घराच्या भिंती जांभ्याच्या, कुंपणाचे गडगे जांभ्याचे, विहीर जांभ्यात खोदलेली, आणि गावाच्या शिवेवरचा देव, राखणदार, तोही जांभ्याचाच एक उभा चिरा. काळा दगड मला माहीत होता तो पाट्यावरवंट्यापुरता. माझं माहेर पालीचं. कोल्हापूरच्या रस्त्यानं घाटावरचे पाथरवट खाली उतरत, त्यांच्याकडून आईनं बोटांनी वाजवून, कान लावून एक वरवंटा पारखून घेतला आणि लग्नात मला दिला. दगडाविषयीचं माझं ज्ञान एवढंच. बाकी जगभर जांभा असतो अशी माझी समजूत होती.

आणि नवरा मिळाला तो नेमका दगडांच्या नोकरीतला!

सरकारी खात्यातल्या एका साहेबाच्या हाताखाली हे अरवलीच्या डोंगरांत हिंडत. दगड फोडायचे, तुकडे गोळा करायचे, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर शाईनं नंबर घालायचा आणि तो नंबर कुठल्या जागेचा ते वहीत लिहायचं. नंबर पुसला तर दगड नुसता धोंडा, असं हे सांगत. दिवाळी झाली की जायचे आणि उन्हं तापली की परत यायचे. म्हणजे कलमं मोहोरायची तेव्हा माझ्या वाट्याला नवरा नसायचा, पत्रं असायची. धुक्याच्या सकाळी पोस्टमन आला नाही की माझा दिवस फुकट जायचा. काळजी करण्याची ही खोड मला तेव्हाच लागली. तशी मी जन्मजातच काळजीखोर, पण तोवर तिला कामधंदा नव्हता.

मिठाच्या सत्याग्रहानंतरचं दुसरं की तिसरं वर्ष असेल. माघ लागला होता आणि हे अवेळीच आले. बंदरावरून बैलगाडीनं आले. गाडीवाल्या बाबूनं एक जडच्या जड पेटी ओटीवर आदळली आणि कपाळाला हात लावला. "मुंबैवरनं लोक ट्रंका भरून कापडं आणतत. ह्यांनी धोंडे आणलेनीत! हय काय धोंड्यांचा दुकाळ पडलाय?" मी पदराआड हसले. तेवढ्यात गाडीतून ह्यांना दोघांनी धरून उतरवलं. चेहरा हळदीसारखा, ओठ फुटलेले, आणि त्या उन्हात अंगावर घोंगडी. मी खाट घालायला आत धावले.

हिवताप होता. रोज दुपार कलली की हुडहुडी भरायची, घरातल्या सगळ्या गोधड्या घातल्या तरी खाट थरथरायची, मग अंग तव्यासारखं तापायचं. रत्नागिरीचे डॉक्टर कोयनेल देऊन गेले. ते कडू पाणी पाजताना ह्यांच्यापेक्षा माझंच तोंड वाकडं व्हायचं. खात्यानं एका महिन्याची रजा दिली होती. शिमग्याआधी परत हजर व्हायचं होतं, आणि येताना पेटीतले दगड नीट लावून, त्यांची यादी करून आणायची होती.

ताप उतरलेल्या दोन-तीन तासांत हे बोलत. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण एवढं बोलणं आमचं कधी झालं नव्हतं. "हा बघ, पट्ट्यांचा दगड," असं म्हणून एक तुकडा माझ्या हातात द्यायचे. करड्या अंगात पांढरे आणि काळे पट्टे, एकाला एक चिकटून. पांढऱ्यात गारगोटी, काळ्यात अभ्रक, उन्हात धरला की चमचम करायचा. पट्टे सरळही नव्हते. वळलेले, दुमडलेले, मध्येच बारीक होऊन पुन्हा रुंद झालेले. "उकड मळतेस ना तू? तसा तो अख्खा डोंगर मळलाय. खोल, जमिनीच्या पोटात, आगीत आणि दाबात. सगळ्याच्या तळाशी असलेला दगड हाच, असं मला वाटतं. आपला जांभा ह्याच्यापुढं कालचं पोर." मला ते ऐकून बरं वाटायचं नाही. तळाशी जे आहे ते तळाशीच असू द्यावं, उकरून घरात कशाला आणावं, असं मनात यायचं. पण हे बोलत होते, डोळ्यांत जीव दिसत होता, म्हणून मी ऐकत होते.

साहेबाचं म्हणणं उलट होतं. पट्ट्यांचा दगड मागाहून आला, वितळून शेजारच्या दगडांत घुसला आणि मग थिजला, असं त्याचं मत, आणि नकाशात रंगही त्याप्रमाणे भरलेले. ह्यांना मात्र एका नाल्यात एक तुकडा सापडला होता. वाळू आणि गोटे एकत्र घट्ट होऊन झालेला दगड, सोललेल्या नारळाएवढा, आणि त्याच्या पोटात पट्ट्यांच्या दगडाचे झिजून गोल झालेले गोटे बसलेले.

"लाडवात काजू दिसला तर आधी कोण झालं? काजू की लाडू?" ह्यांनी मला विचारलं.

"काजू. हे काय विचारणं झालं?"

"हेच मला साहेबाला दाखवायचंय."

ज्या दिवशी तो सापडला त्याच दिवशी, त्याच नाल्याच्या काठी ह्यांना पहिली हुडहुडी भरली. त्या दगडाचा नंबर एकतीस. ताप चढला की हे तोच दगड छातीशी धरून पडत, आणि कोणी काढायला गेलं तर ओरडत. वाफेच्या भांड्याला धरावं तसा तो गरम लागायचा.

पंधरा दिवस झाले तरी उतार पडेना. सासूबाई अंगणात बसून कलमांकडे बघत आणि आत खाटेकडे बघत. त्या वर्षी धुकं सारखं पडत होतं, मोहोर काळा पडून गळत होता, आणि घरात हे. शेवटी त्या म्हणाल्या, "परमुलखातल्या डोंगराचां कायतरी मागं लागलां हाय. गुरवाक बोलवते." आमच्या देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो आणि सगळे श्वास धरून उभे राहतात. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आमची कळी उजवी पडली. रामा गुरव म्हणाला, "परक्या डोंगराची वस्तू घरात आणलान. जी हातातनं सुटत नाय, तीच ती. शिवंवर राखणदाराच्या पायाशी ठेवा आणि मागं वळून बगू नका." घरात येऊ नये ते आलं तर ते राखणदाराच्या हवाली करायचं, ही आमच्याकडची रीतच आहे.

कोणी ठेवायची ते गुरवानं सांगितलं नाही. मीच उठले.

ताप चढून ग्लानी आल्यावर ह्यांच्या हातांतून मी तो दगड काढला. बोटं एकेक करून सोडवावी लागली. भर उन्हात तो दगड पदरात घेऊन मी सडा चढले. वाटेत दोनदा दम खायला बसले तेव्हा त्याच्याकडे नीट पाहिलं. शत्रूकडे बघतात तसं पाहिलं. वर सातविणीच्या झाडाखाली राखणदार उभा होता, अंगावर शेंदराची पुटं. त्याच्या पायाशी दगड ठेवला आणि म्हटलं, "हा घे आणि माझं माणूस ठेव." मागं वळून पाहिलं नाही. तांबड्या जांभ्यात तो करडा दगड किती उपरा दिसत असेल, एवढंच उतरताना डोक्यात होतं.

तिसऱ्या दिवशी ताप आला नाही. चौथ्या दिवशीही नाही. कोयनेलनं की राखणदारानं, ह्याचा निकाल माझ्यापुरता आजतागायत लागलेला नाही.

माणूस उठून बसला की घरात आनंद व्हायला हवा. तो एक दिवस टिकला. दुसऱ्या दिवशी ह्यांनी पडवीत धोतर पसरलं, पेटी उपडी केली आणि दगड ओळीनं लावायला घेतले. तीसपर्यंत लागले. एकतिसावा नव्हता. खाटेखाली, गोधड्यांत, पेटीतल्या पेंढ्यात, सगळीकडे शोधलं. मला विचारलं. सासूबाईंनी डोळ्यांनीच मला दटावलं आणि मी नाही म्हणून मान हलवली. खोटं बोलायला तोंड उघडावं लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मग हे वही काढून बसले. एकतीस नंबरचं पान तापातच लिहिलेलं, नुसत्या रेघोट्या, त्यांचं त्यांनाही लागेना. दिवसभर ते पान उजेडाकडे धरत, उलटं करत, पुन्हा वाचायला बघत. जेवताना मध्येच थांबत. "आगबोटीत राहिला असेल का गं?" मग दोन दिवसांनी, "मी तुला दाखवला होता का?" मी म्हटलं, "तुम्ही पुष्कळ दगड दाखवलेत." हे उत्तर मी कुठल्या तोंडानं दिलं कोण जाणे. बघता बघता माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागला. ताप अंगातून गेला होता, पण आता दुसरंच काहीतरी ह्यांना आतून पोखरत होतं आणि ते मीच घरात आणून सोडलं होतं. मला झोप लागेना, अन्न गोड लागेना. गप्प राहावं तर हे असे, आणि सांगावं तर हे जाऊन दगड उचलून आणणार आणि राखणदार आपलं माणूस मागणार. मी दोन्हीकडून अडकले होते.

रजा संपायला चार दिवस उरले तेव्हा एका सकाळी हे कागद घेऊन बसले. मी चहा ठेवला.

"साहेबाला लिहितोय," हे म्हणाले. "की मी चुकलो. तसा दगड नव्हताच. तापात काहीतरी दिसलं असेल मला."

आवाज अगदी साधा होता. रडले असते तर कदाचित मी गप्प राहिले असते.

"मी नेला," मी म्हटलं. "राखणदाराकडे ठेवला. तुमच्यासाठी."

हे रागावतील म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहिले. ह्यांनी टाक खाली ठेवला.

"म्हणजे होता?"

"होता."

"गोटे होते त्यात? पट्ट्यांचे?"

"दोन होते. एक सुपारीपेक्षा थोडा मोठा, वाटोळा, त्यावर पाच पट्टे. एक अर्धा फुटलेला, त्याचे पट्टे आडवे. बाहेरच्या दगडात पट्टे नव्हते, नुसती वाळू. हाताला खरखरीत लागत होता."

ह्यांनी तोंड दोन्ही हातांत घेतलं आणि खांदे हलायला लागले. हसत होते की रडत होते ते मला कळलं नाही, त्यांनाही कळलं नसावं. मग तो कागद फाडून टाकला. "तू पाहिलास. नीट पाहिलास," एवढंच चार-पाच वेळा म्हणाले.

मी म्हटलं, "आता जाऊन आणणार ना?"

"छे. तू देवाला दिलास, तो कसा आणू? तुझ्या जिवाला घोर लागेल. नाला कुठं पळून जात नाही. परत जाईन, दुसरा तुकडा फोडीन." असं म्हणून चहा प्यायले. कितीतरी दिवसांनी आवाज करत प्यायले.

त्यांचा जीव हलका झाला आणि माझा पुन्हा टांगणीला लागला. नाला म्हणजे तोच नाला. जिथं ताप लागला तिथंच हे पुन्हा जाऊन बसणार, आणि तेही अशा खंगलेल्या अंगानं. दगड शिवेवर राहिला तर हे त्या नाल्यात जाणार, आणि दगड आणला तर राखणदार कोपणार. दिवसभर भात शिजवताना, पाणी ओढताना मी हेच उलटंपालटं करत होते. शेवटी एवढं समजलं की राखणदार मला माहीत आहे, तो नाला मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी टोपली उचलली. त्यात माझा वरवंटा ठेवला, वर फडकं टाकलं आणि सडा चढले. दगड होता तिथंच होता. पण मधल्या दिवसांत कोणीतरी त्याला शेंदूर फासला होता, वर जास्वंदीचं फूल. दहा-बारा दिवसांत उपऱ्या दगडाचा देव झाला होता! कौल लावायचा विचारही मी केला नाही. डावी कळी पडली असती तर? मी आपली सरळ बोलले. "हा त्यांना हवाय. त्याच्या बदल्यात माझा घे. माझ्या आईनं दिलाय, रोज हळद-मिरची वाटलेला आहे, तुला परका नाही. आणि राग आलाच तर माझ्यावर काढ." वरवंटा ठेवला, दगड टोपलीत घातला. ह्या खेपेला मात्र मी मागं वळून पाहिलं, चारदा पाहिलं.

घरी आल्यावर तेल, राख, चिंच, सगळं लावून घासला. वरचा शेंदूर निघाला, पण दगडाच्या बारीक खळग्यांत बसलेला काही हटेना. संध्याकाळी मी तो ह्यांच्यासमोर ठेवला. ह्यांनी तो उचलून खळग्यांवरून बोट फिरवलं. मग हळूच विचारलं, "राखणदार काय म्हणाला?"

"विचारलं नाही."

ह्यांनी नवा पांढरा ठिपका दिला आणि त्यावर एकतीस लिहिलं.

सासूबाईंनी वरवंटा कुठं गेला विचारलं. मी सांगितलं, विहिरीत पडला. "वरवंटा घेऊन विहिरीवर कित्याला गेलीस गो?" मी चुलीत लाकूड सारलं. शिमगा झाल्यावर त्यांनी पाथरवटाकडून नवा आणवला आणि माझ्यापुढं ठेवताना म्हणाल्या, "ह्यो तरी घरात ऱ्हवू दे." त्या दर अवसेला राखणदाराला नारळ ठेवायला जात, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

मुंबईची माणसं शिमग्याला आगबोटीनं गावाकडे येत होती आणि हे त्याच बोटीनं उलटे गेले. पेटी उचलताना बाबू म्हणाला, "ह्ये आणि परत न्यायचे?" नंतर सतरा दिवस पत्र नाही. पालखी अंगणात नाचली तेव्हा मी ओटी भरली, पण डोळे वाटेवर. अठराव्या दिवशी पत्र आलं. साहेबानं भिंग लावून दगड पाहिला होता, बराच वेळ. आपलं चुकलं असं काही म्हणाला नाही, साहेब तो. पण नकाशा मागवून घेतला आणि पट्ट्यांच्या दगडाचा रंग पेन्सिलीनं खोडला. खाली ह्यांनी लिहिलं होतं: "मग विचारलं, खळग्यांत हा तांबडा रंग कशाचा? मी सांगितलं, घरचा आहे."

ते पत्र मी कितीदा वाचलं असेल. पण देवाच्या हातून ओढून आणलेली वस्तू ती. त्याचा जाब कधीतरी विचारला जाणारच, हे माझ्या मनातून गेलं नाही. पुढं बढती मिळाली, मुलं झाली, हे पेन्शनीत निघाले. त्या दगडाला मराठीत पट्टिताश्म असं भारदस्त नाव मिळालं, तेही ह्यांनी मला कौतुकानं वाचून दाखवलं. मी मात्र मोहोराच्या दिवसांत रोज पहाटे उठून आधी ह्यांच्या कपाळाला हात लावायची. गार लागलं की चूल पेटवायची. हे डोळे न उघडता विचारत, "आला का गं राखणदार?" मी म्हणायची, "झोपा." चाळीस वर्षांवर हे चाललं.

गेल्या श्रावणात हे गेले. ताप नाही, दुखणं नाही, दुपारी आरामखुर्चीत पडले ते उठलेच नाहीत. मी कपाळाला हात लावला. गार होतं. जन्मभर त्या कपाळावर मी तेच तर शोधत आले होते, म्हणून पहिले काही क्षण मला बरंच वाटलं.

आता पुन्हा मोहोर आलाय. पहाटे जाग येते, हात आपोआप शेजारी जातो आणि चादरीवर पडतो. एवढी वर्षं ज्या भीतीला मी शिव्या दिल्या ती आता कोणासाठी करू, ते कळत नाही. परवा मनात आलं, राखणदाराचा आणि माझा व्यवहार संपला. त्यानं रागही काढला नाही. आता माझ्या आईचा वरवंटा तरी घरी आणावा. कापडी पिशवी घेतली आणि बसत-उठत सडा चढले.

सातवीण पडून गेली आहे, तिच्या बुंध्याला नवे फुटवे आहेत. वरवंटा होता. शेंदूर चढून चढून दुप्पट झालेला, मला आधी ओळखूच आला नाही. त्याच्यापुढं एक मुलगी बसली होती, वीस-बावीसची, हातात जास्वंद. मला बघून उठली. घोव मुंबैला गिरणीत, म्हणाली, आठ दिवस ताप, तार आलीय. माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून तिनं विचारलं, "आजी, ह्यो पावतो काय गो?"

मी पिशवी पाठीमागं धरली.

"पावतो," मी म्हटलं. "रागीटही नाही. लोक उगाच म्हणतात."

तिनं फूल ठेवलं. मीही तिच्याशेजारी बसून तिच्या नवऱ्यासाठी हात जोडले. मग रिकाम्या पिशवीची घडी करून कमरेला खोचली, आणि आम्ही दोघी सडा उतरलो.